होडी बांधा, पण एफडी मोडून नको आणि लोन काढून तर अजिबात नको

नमस्कार, तुमचं पत्र दोनदा वाचलं. कासारवडवलीला फ्लॅट, ऐरोलीत नोकरी, हातात येतात 1,15,000, त्यातून घराचा हप्ता 38,000, घरखर्च 62,000, एसआयपी 7,000, म्हणजे महिन्याला 8,000 सुटे राहतात. मुलगी नववीत, एफडी 4 लाखांची. आणि तुम्हाला बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये चौदा फुटी लाकडी शिडाची होडी बांधायचीय, अंदाज 2,50,000 चा, तर एफडी मोडू की पर्सनल लोन घेऊ असं विचारलंय. होडी बांधा, मनापासून सांगतो, पण चौदा फुटी नको आणि पैसा या दोन्हीतला नको.

आधी लोन बघू. 14 टक्क्याने तीन वर्षांसाठी 2,50,000 घेतले तर हप्ता साडेआठ हजारांच्या थोडा वर जातो आणि तीन वर्षांत 57,000 च्या वर नुसतं व्याज. तुमच्याकडे सुटे आठ हजारच आहेत, म्हणजे पहिल्या महिन्यापासून एसआयपीला हात लागणार, आणि लोन फिटेपर्यंत मुलगी बारावीला पोचलेली असेल, कॉलेजची फी समोर उभी. एफडीचं म्हणाल तर तुमचा महिना हप्त्यासकट एक लाखाचा आहे, नोकरी गेली तर 4 लाख म्हणजे चार महिने. मी सहा महिन्यांचे बाजूला ठेवायला सांगतो, म्हणजे ती एफडी आधीच दोन लाखांनी कमी आहे, तिच्यातून काढायचं कुठून?

आता खरी गोष्ट. होडीला सगळा पैसा एका दिवशी लागतच नाही हो. आधी प्लाय आणि इपॉक्सी (दोन द्रव मिसळून बनणारा पक्का गोंद), मग कित्येक शनिवार-रविवार नुसतं कापणं, तांब्याच्या तारेने पाट्या टाचणं, जोडावर इपॉक्सीचा भर आणि ग्लास फायबरची पट्टी, घासणं, परत घासणं, रंग. डोलकाठी, शीड, सुकाणू याचा नंबर शेवटी येतो. लोन घेतलं की त्या शिडाचं व्याज तुम्ही प्लाय कापायच्या आधीपासून भरताय. हाताचं काम जितकं सरकेल तितकाच पैसा सरकू द्या.

दिवाळी बोनसचे 40,000 येतात असं लिहिलंय, ते घ्या. सुट्या आठ हजारांतले 3,000 एफडीची उणीव भरायला, 5,000 होडीच्या वेगळ्या आरडीत. सोळा महिन्यांत 80,000 आणि बोनस धरून 1,20,000, बस, ही तुमची हद्द. दिवाळीनंतर सुरू केलंत तर मे संपेपर्यंत कोरडी हवा मिळते. पावसाळ्यात चिकटवायचं काम करूच नका, प्लाय ओल धरतो, इपॉक्सीवर चिकट थर येतो आणि महागडा माल वाया जातो. ते चार महिने आरडी वाढू दे.

एवढ्यात चौदा फुटी बसणार नाही, पण अकरा फुटी बसवता येईल. 1962 साली ब्रिटनमध्ये मिरर नावाची होडी आली ती याचसाठी, घरच्या माणसाला प्लाय टाचून बांधता यावी म्हणून, लांबी 3.3 मीटर, शीड-काठ्या सोडून नुसती होडी पंचेचाळीस किलोच्या आसपास, आणि मूळ रचनेत काठ्या होडीच्या लांबीत मावतात, पार्किंगमध्ये होडी ठेवणाऱ्या माणसाला हे सोन्यासारखं आहे. बाप-लेक दोघं आरामात. तिच्याहून छोटी ऑप्टिमिस्ट, 1947 ची, तीही प्लायच्या दोन शीटमधून बनावी म्हणून काढलेली, पण ती पंधरा वर्षांपर्यंतच्या पोरांची, तुमच्या मुलीला वर्षभरात लहान पडेल.

प्लायमध्ये मात्र कंजुषी नको. आयएस 710 (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का असलेलाच मरीन प्लाय घ्या, साध्या कमर्शियल प्लायच्या आत पोकळी राहिलेली असते आणि पाणी तिथेच शिरतं. 1,20,000 मधले 30,000 आधीच बाजूला काढा, लाइफ जॅकेट, दोर, वल्हं आणि टेम्पोसाठी. लाइफ जॅकेट स्वस्तातलं घेतलंत तर मला खरंच वाईट वाटेल.

वीकेंडला भाड्याने देऊन खर्च काढीन असंही तुमच्या मनात असेल, तर ते डोक्यातून काढा. भाड्याने लोक बसवायचे म्हटलं की परवाना, तपासणी, विमा सगळं मागे लागतं. घरी बांधलेली होडी विकूनही टाकलेला पैसा परत येईल असं धरू नका. हा खर्च आहे, गुंतवणूक नाही, आणि खर्च म्हणून तो मला आवडतो.

प्लायच्या आधी एक खर्च करा, कुलाब्याकडच्या क्लबमध्ये दोघांनी शीड चालवायचा छोटा कोर्स. आपली खाडी ओहोटीला नुसता गाळ दाखवते, गायमुखकडे पाण्याची ओढ जोरात असते, आणि ठाणे खाडीचा मोठा भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिथे वाटेल तशी होडी घालता येत नाही. कुठून उतरवायची, नोंदणी काय लागते हे मेरिटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात जाऊन विचारा, चेंदणी कोळीवाड्यात एखाद्या जुन्या माणसाशी बोला. सोसायटीकडून पार्किंगची परवानगी लेखी घ्या, इपॉक्सीच्या वासावरून भांडण होतंच. कोर्स करून आल्यावरही दोघांना होडी हवीच असेल, तर दुसऱ्या दिवशी आरडी उघडा.