वाचक विचारतात : मंगळवासी इतक्या सहज कसे मेले?

प्रश्न : एच. जी. वेल्स यांची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ वाचली आणि लगेच मुलीबरोबर स्पीलबर्गचा २००५चा चित्रपट पाहिला. तोफांना दाद न देणारे परग्रहवासी शेवटी जंतूंनी मरतात! मुलगी म्हणते, लेखकाला पुढचं सुचलंच नाही. तिला काय सांगू? १९५३चा चित्रपट पाहावा का?

उत्तर : तिला पुस्तकाचं पहिलं वाक्य पुन्हा वाचायला द्या. पाण्याच्या थेंबात वळवळणारे जीव माणूस सूक्ष्मदर्शकातून न्याहाळतो, तसं मंगळावरून कुणीतरी आपल्याला न्याहाळतंय, असं वेल्स तिथेच लिहून ठेवतात. पुढे मंगळवासीयांच्या शरीररचनेचं वर्णन करताना, त्यांच्या ग्रहावर रोगजंतू नाहीत हेही जाता जाता सांगतात. आपण यंत्रांच्या नादात ते विसरतो, हा दोष आपला. स्पीलबर्गनेही पेरणी केली आहे. चित्रपट थेंबापासूनच सुरू होतो, आणि लहानग्या रेचेलच्या हातात कुसळ जातं तेव्हा ती वडिलांना ते काढू देत नाही. शरीर आपोआप बाहेर ढकलेल, म्हणते. ते दृश्य मुलीला पुन्हा दाखवा.

माझी तक्रार शेवटाबद्दल नाही, नायकाबद्दल आहे. पुस्तकातला निवेदक एकही मंगळवासी मारत नाही. तो पळतो, लपतो, उपाशी राहतो, आणि पडक्या घरात सोबत अडकलेला पाद्री आरडाओरड करू लागला की त्याच्या डोक्यात सुऱ्याचा दांडा घालतो. १८९८ साली, साम्राज्य ऐन भरात असताना, इंग्रज वाचकाला हे वाचायला लागलं. वर पहिल्याच प्रकरणात टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचं युरोपियनांनी काय केलं याची आठवण आहे. तुम्ही तेच केलंत, आता तुमची पाळी! पडद्यावर हे फारसं कुणाला पेलत नाही. टॉम क्रूझ आहे म्हटल्यावर त्याने निदान एक तरी यंत्र उडवायलाच हवं. तो हातबाँबने उडवतो. तळघरातला खून मात्र स्पीलबर्गने बंद दाराआड ठेवला आहे, आणि मला तो चित्रपटातला सर्वांत धीट प्रसंग वाटतो.

१९५३चा अवश्य पाहा. निर्माता जॉर्ज पाल, दिग्दर्शक बायरन हॅस्किन. गोष्ट कॅलिफोर्नियात नेली आहे आणि तीन पायांच्या यंत्रांऐवजी तारांवर टांगलेली, हंसाच्या मानेसारखी मान असलेली तांबूस विमानं आहेत. (जुन्या आवृत्तीत तारा दिसतात. दिसू द्या.) अणुबाँब टाकूनही त्यांना ओरखडा उठत नाही, ही त्या काळाची खरी भीती. पाद्री मात्र पार उलटा झालाय: हातात बायबल उंच धरून शांतपणे शत्रूला सामोरा जातो आणि जळून मरतो. पुस्तकातला भित्रा पाद्री त्या प्रेक्षकाला रुचला नसता, असं मला वाटतं. त्यातली जोडी, जीन बॅरी आणि ॲन रॉबिन्सन, २००५च्या चित्रपटात शेवटी आजी-आजोबा म्हणून दारात उभी राहते. म्हणून आधी १९५३चा पाहिला असता तर बरं झालं असतं.

बीबीसीची २०१९ची तीन भागांची मालिका गोष्ट जुन्या इंग्लंडात ठेवते आणि नायकाच्या जोडीदारणीला पुढे आणते. कल्पना चांगली; पण सारखी पुढच्या काळात उडी मारते आणि ताण विरतो.

प्रश्न : मंगळवासीयांच्या यंत्रांवर चाल करून जाणारी ‘थंडर चाइल्ड’ ही युद्धनौका कुठल्या चित्रपटात आहे?

उत्तर : वरच्या दोन्ही मोठ्या चित्रपटांत नाही. स्पीलबर्गकडे बोट आहे, पण ती निर्वासितांची. यंत्र ती उलथवून टाकतं. लढणारी नौका हवी असेल तर जेफ वेन यांचा १९७८चा संगीत-अल्बम ऐका. तिच्यावर स्वतंत्र गाणं आहे, मुखपृष्ठावर तीच यंत्राशी भिडलेली दिसते, आणि निवेदन रिचर्ड बर्टन यांच्या आवाजात आहे.