आधी कागद वाच

एडिसन, न्यू जर्सी
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री साडेअकराला आलेला तुझा व्हॉइस मेसेज मी तीनदा ऐकला. "मावशी, दोघीही बरोबर वाटत होत्या, म्हणून मी गप्प बसले." आवाज रडवेला होता. आधी तुझी माया आली, मग राग आला. दोन्ही अजून ओसरलेलं नाही, म्हणून फोन न करता लिहायला बसले. फोनवर मी ओरडले असते.

कालचं हळदीकुंकू डोळ्यांपुढून जात नाही. तुझी ताई सोफ्याच्या कडेला बसली होती. मांडीवर बटाटेवड्याची प्लेट, तिला हात लावलेला नाही, डावा हात पोटावर. आठवा महिना. विषय निघाला तो इथे, अमेरिकेत, जन्मलेल्या काही मुलांना नागरिकत्व नाकारणाऱ्या ट्रम्पच्या हुकमाचा. एक जण म्हणाली, हा हुकूम बेकायदा आलेल्यांसाठी आहे, आपल्या एच-वन म्हणजे कामाच्या व्हिसावाल्यांना त्याचं काय? दुसरी म्हणाली, आता इथे जन्मलेल्या आपल्या सगळ्या मुलांचे पासपोर्ट काढून घेणार, ह्यांच्या ग्रुपवर आलंय. तिसरीने वाण हातात देता देता सांगितलं, १९ तारखेच्या आत सिझेरियन करून घे, ओळखीतल्या दोघी करून घेतायत. ताईने तुझ्याकडे पाहिलं. तू तिळाच्या वडीचा कागद उलगडत राहिलीस.

तो कागद नव्हे गं, दुसरा उलगडायला हवा होता.

२० जानेवारीचा तो हुकूम व्हाइट हाऊसच्या साइटवर आहे. चहा गार व्हायच्या आत वाचून होतो. त्यात दोन प्रकारची मुलं सांगितली आहेत. पहिला प्रकार, आई इथे बेकायदा आहे आणि बाप नागरिक नाही, ग्रीन कार्डवालाही नाही. दुसरा प्रकार, आई कायदेशीर पण तात्पुरती आहे आणि बाप इथेही नागरिक नाही, ग्रीन कार्डवालाही नाही. त्या दुसऱ्या प्रकारात विद्यार्थी व्हिसा, कामाचा व्हिसा, टुरिस्ट व्हिसा अशी नावं घेतलेली आहेत. म्हणजे "आपल्याला त्याचं काय" म्हणणारी चुकली, कारण ताई आणि जिजाजी दोघंही एच-वनवर आहेत. आणि हुकमाच्या तारखेपासून ३० दिवस उलटल्यावर जन्मणाऱ्या मुलांनाच तो लागू, असं त्यातच लिहिलंय. म्हणजे पासपोर्टवालीही चुकली.

दोघी चुकल्या, आणि तुला दोघी बरोबर वाटल्या. "दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं असतं" हे तुझं वाक्य मी दोन वर्षं ऐकतेय. त्याला समजूतदारपणा म्हणू नकोस. तू डेटा सायन्स शिकतेस ना? आकडा कुठून आला हे विचारल्याशिवाय तू त्याला हात लावत नाहीस. मग बहिणीच्या बाळाच्या बाबतीत ग्रुपवर आलेलं कसं चालतं? आधी कागद वाच. मग बोल, नाहीतर मग गप्प बस. पण वाचून गप्प बस.

हे मी तुला एवढं खडसावून सांगते, कारण मी स्वतः वाचलं नव्हतं.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये अल्बुकर्कीच्या ज्युरीने स्टेला लीबेक नावाच्या बाईला मॅकडोनाल्ड्सकडून २९ लाख डॉलर्सच्या आसपास भरपाई द्यायचा निकाल दिला. अंगावर कॉफी सांडली म्हणून. सगळा देश हसला. रात्रीच्या कार्यक्रमांत विनोद झाले, पुढच्या वर्षी तर एका गाजलेल्या मालिकेत त्यावर अख्खा भाग निघाला. आमच्या मंडळाच्या गणपतीत त्या सप्टेंबरात सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मी स्टेजवरून तो किस्सा रंगवून सांगितला. बाई गाडी चालवतेय, गुडघ्यांत कप, कॉफी सांडते आणि बाई लक्षाधीश होते. दोनशे माणसं हसली. पुढे सात-आठ वर्षं मी तो सांगत राहिले.

मग लायब्ररीत माझ्या रेफरन्स डेस्कवर हायस्कूलचा एक मुलगा आला, त्याला शाळेच्या प्रोजेक्टसाठी हीच केस हवी होती. मायक्रोफिल्मवर वॉल स्ट्रीट जर्नलचा लेख सापडला. त्याच्यासाठी मशीनवर फिल्म चढवली, आणि तो नोंदी करत असताना त्याच्या खांद्यावरून मीही वाचत गेले.

बाई ७९ वर्षांची. गाडी चालवत नव्हती, शेजारी बसली होती. गाडी नातवाची, आणि ती उभी होती, कारण आजीला कॉफीत साखर आणि क्रीम घालायचं होतं. झाकण काढताना कप कलंडला. अंगात सुती ट्रॅकपँट, तिने ती कॉफी धरून ठेवली. कंपनी कॉफी १८० ते १९० फॅरनहाइटला ठेवायची, म्हणजे आपले ८२ ते ८८ सेल्सियस. मांड्या आणि जांघा तिसऱ्या दर्जापर्यंत भाजल्या, आठ दिवस हॉस्पिटल, दुसरीकडची कातडी काढून तिथे लावावी लागली. तिने कंपनीकडे आधी २० हजार डॉलर्स मागितले होते. कंपनीने ८०० देऊ केले. त्याआधीच्या दहा वर्षांत भाजल्याच्या ७०० तक्रारी कंपनीकडे आलेल्या होत्या. ज्युरीने आजीलाही २० टक्के दोषी धरलं होतं आणि भरपाईतून तेवढे कापले होते. त्या २९ लाखांतले दंडाचे २७ लाख म्हणजे कंपनीची साधारण दोन दिवसांची कॉफीची विक्री. तोही पुढे, त्या लेखानंतर, न्यायाधीशांनी ४ लाख ८० हजारांवर आणला.

लेखाची तारीख पाहिली, सप्टेंबर १९९४. मी स्टेजवर उभी होते त्याच महिन्यातला. तो अंक त्या वेळी आमच्याच लायब्ररीत, माझ्या खुर्चीपासून दहा पावलांवरच्या रॅकवर होता. दहा पावलं, पोरी. पगारच मला लोकांना कागद शोधून द्यायचा मिळत होता, आणि मी भाजलेल्या म्हातारीवर दोनशे माणसं हसवून घरी आले होते.

त्या दिवसापासून ही सवय लागली. लोक म्हणतात खोड. म्हणोत.

आता मूळ प्रश्नाकडे. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीचं पहिलंच वाक्य असं, की अमेरिकेत जन्मलेल्या आणि तिच्या अधिकारक्षेत्राखाली असलेल्या सर्व व्यक्ती तिच्या नागरिक आहेत. भांडण आहे ते "अधिकारक्षेत्राखाली" या शब्दाचं. वाँग किम आर्क हा १८७३ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला स्वयंपाकी. आईबाप चिनी, आणि चिन्यांना त्या काळी नागरिक होताच येत नव्हतं. १८९५ मध्ये तो चीनहून परत आला तर बंदरात उतरू देईनात, कित्येक महिने या बोटीवरून त्या बोटीवर ठेवला. १८९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध दोन मतांनी त्याला नागरिक ठरवलं. निकाल लांब आहे, बसून वाच. आणि वाचताना एक शब्द तुला टोचेल. त्याचे आईबाप इथे कायम वास्तव्याला होते असं कोर्टाने लिहिलंय. एच-वनवाले तसे नाहीत, असं म्हणायला हुकमाच्या बाजूच्यांना तिथेच जागा मिळते. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. विरोधातल्या दोन न्यायाधीशांचं मतसुद्धा वाच. आपल्याला हवं तेवढंच वाचणारीला मी वाचणारी म्हणत नाही.

काल आणखी एक वाक्य कानावर आलं. "ती घटनादुरुस्ती काळ्या गुलामांसाठी होती, आपण तिच्यात कशाला घुसायचं?" हो, त्यांच्यासाठीच होती. १८५७ मध्ये याच सुप्रीम कोर्टाने काळा माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही असं म्हटलं होतं. ते पुसायला आधी यादवी युद्ध झालं, मग हे वाक्य लिहिलं गेलं. दरवर्षी मंडळात कुणीतरी अभिमानाने सांगतं की जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. कशाबद्दल अर्पण केली, ते त्या पानावर लिहिलेलं आहे. गुलामांना दास्यातून मोकळं केल्याबद्दल. टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या किती जणांनी ते पान उघडलंय? ताईच्या बाळाच्या डोक्यावर आज जे छप्पर आहे ते त्या मोकळ्या झालेल्या माणसांसाठी बांधलेलं आहे. निदान त्यांच्याबद्दल बोलताना जीभ सांभाळायला हवी.

तू म्हणशील, मावशी, सणाच्या दिवशी फोनमधला हुकूम वाचून दाखवायला निघालात, त्यातून तुम्ही काय मिळवलंत? घरची बाई म्हणाली ना, "मावशी, आज सण आहे," आणि माझ्या हातातला फोन हळूच खाली केला. मला लागलं. असं लागायची ही पहिली वेळ नाही. २०२३ मध्ये कॉलेज प्रवेशात वंश पाहू नये असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हा वीस वर्षांपासूनची एक मैत्रीण पॉटलकला सांगत होती की आता अर्जात वंशाचा उल्लेखच करता येणार नाही, आपल्या मुलांना निव्वळ मार्कांवर प्रवेश. मी तिथेच निकालातला परिच्छेद वाचून दाखवला. वंशामुळे आयुष्यात काय सोसलं, काय घडलं, हे मुलाने निबंधात लिहिलं तर कॉलेजला ते विचारात घेता येईल, असं सरन्यायाधीशांनीच लिहिलंय. तिचा मुलगा त्याच वर्षी अर्ज करणार होता. मला वाटलं, तिला उपयोग होईल. तिने त्यानंतर फोन केलेला नाही. हे म्हणतात, तू चारचौघांत वाचायला नको होतंस. वेळ चुकली असेल माझी. तिला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण चारचौघांत चुकीचं बोललं जातं तेव्हा ते ऐकून घरी जाणारी माणसंही चारचौघंच असतात, त्यांना बाजूला कोण घेणार? मी तिची वाट पाहते. पण परिच्छेद वाचला याबद्दल माफी मागणार नाही.

आता सिझेरियनचं. ड्यू डेट २० मार्च. १९ फेब्रुवारीच्या आत म्हणजे जेमतेम पस्तीस आठवडे पूर्ण, बाळाची फुप्फुसं अजून तयार होत असतात. त्याच्या श्वासाची किंमत देऊन कुठली तारीख गाठायची? आणि ज्या तारखेची भीती घातली जाते ती सध्या थांबवलेली आहे. २३ जानेवारीला सिॲटलच्या फेडरल न्यायाधीशांनी या हुकमाला देशभरासाठी १४ दिवसांची स्थगिती दिली. हा हुकूम उघड उघड घटनाबाह्य आहे असं ते भर कोर्टात म्हणाले. १९८१ मध्ये रेगनने नेमलेले न्यायाधीश आहेत ते. काल त्या खोलीत वीस बायका होत्या, या स्थगितीचं नाव एकीच्याही तोंडी नव्हतं. तुझ्याही नव्हतं. पुढे वरच्या कोर्टात काय होईल ते मी आज सांगू शकत नाही, म्हणून इमिग्रेशनच्या वकिलाची वेळ घ्या. पण बाळ कधी जन्माला घालायचं ते ताई आणि तिची डॉक्टर ठरवतील. ग्रुप नाही, मीही नाही.

तुझ्यावर एवढी चिडले, कारण ताईने त्या खोलीत दुसऱ्या कुणाकडे पाहिलं नाही, तुझ्याकडे पाहिलं.

हुकूम, सिॲटलची ऑर्डर आणि १८९८ चा निकाल, तिन्हींच्या प्रिंट काढून ठेवल्यात. निकालात जिथे अडलीस तिथे पेन्सिलीने खूण कर. गुरुवारी, ६ तारखेला, सिॲटलला पुढची सुनावणी आहे. त्यातून जे येईल ते तू स्वतः शोधून काढ आणि रात्री ताईला वाचून दाखव. मी आधी वाचणार नाही, तुझ्याकडूनच ऐकेन. शुक्रवारी ताईची डॉक्टरकडे वेळ आहे ना, मी साडेनऊला गाडी घेऊन येते. तिला म्हणावं काहीतरी खाऊन घे.

तुझी,
मावशी