इटलीतल्या ट्यूरिनच्या कफनावर, म्हणजे माणसाची प्रतिमा उमटलेल्या आणि येशूचं मानल्या जाणाऱ्या कापडावर, येशूच्या मृत्यूचा दाखला पुसट अक्षरांत लिहिलेला आहे असं वाचलं. खरं आहे का?

माझं स्पष्ट मत, नाही. उमेदीची सगळी वर्षं डार्करूममध्ये गेली आहेत, म्हणून बोलतोय.

ही अक्षरं प्रत्यक्ष कापडावर कोणी वाचलेली नाहीत, फोटोंवर वाचली आहेत. शिकागोच्या फ्रान्सिस फिलास या जेझुइट (कॅथलिक संघातल्या) प्राध्यापकांना प्रतिमेच्या उजव्या डोळ्यावर पिलाताच्या, म्हणजे येशूला शिक्षा देणाऱ्या रोमन सुभेदाराच्या, काळातल्या नाण्याची चार अक्षरं दिसली, ती जुझेप्पे एन्री या फोटोग्राफरच्या १९३१ च्या फोटोंच्या एन्लार्जमेंटवर. व्हॅटिकनच्या अभिलेखागारातल्या बार्बरा फ्राले यांनी २००९ मध्ये मृत्यूचा दाखला जुळवला, तोही फोटोंवरूनच. एन्रीची प्लेट ऑर्थोक्रोमॅटिक, म्हणजे लाल रंग न टिपणारी, काँट्रास्ट जबर. त्यात मधले करडे टोन उडतात. कापडाची वीण तिरपी. मोठं करत गेलं की धागा आणि प्लेटवरचे दाणे (ग्रेन) एकमेकांत मिसळून रेघा उमटणारच.

आमचे मामा एकदा गावच्या वीरगळाची निगेटिव्ह घेऊन आले. तळाशी आपल्या घराण्याचं नाव कोरलंय, मोठं करून दे म्हणाले. नॉर्मल पेपरवर काहीच आलं नाही. "अजून कडक काढ." हार्ड, म्हणजे जास्त काँट्रास्टचा पेपर लावला, तर डेव्हलपरच्या ट्रेमध्ये 'रा'सारखं काहीतरी वर आलं. मामांनी तिथेच उभ्या उभ्या पुढचं सगळं नाव वाचून दाखवलं. मी त्याच निगेटिव्हमधल्या मोकळ्या आभाळाचा कोपरा तेवढाच मोठा केला. त्यात चक्क 'ग' होता. मामांनी तो प्रिंट हातातही घेतला नाही. पहिला मात्र फ्रेम होऊन भिंतीवर गेला आणि प्रत्येक लग्नकार्यात मला त्यावरून ऐकावं लागतं.

तेव्हा कोणी कफनावरची अक्षरं दाखवली तर कापडाचा कोरा भाग तेवढाच मोठा करून मागा. दगडाचं तर त्याहून सोपं. रात्री बॅटरी आडवी धरा, नाहीतर ओला कागद थापून ठसा घ्या. खरं कोरलेलं असेल तर ठशात येईल. हे मामांना कितीदा सांगितलं!

हां, कापड किती जुनं हा प्रश्न वेगळा. १९८८ च्या कार्बन चाचणीत ऑक्सफर्ड, झुरिक आणि अ‍ॅरिझोनाच्या प्रयोगशाळांना १२६० ते १३९० हा काळ मिळाला. नमुना एकाच कोपऱ्यातून घेतला म्हणून त्यावरही वाद आहेतच. प्रतिमा उमटली कशी, यावर माझ्या डार्करूमचा अनुभव चालत नाही. पण अक्षरांवर चालतो, आणि मामांच्या वीरगळावरही.