"कळून तरी काय करायचं, मॅडम?"

"तपासणी केली आणि काही निघालं तर? उपचार आपल्याला झेपणारे नाहीत. मग कळून तरी काय करायचं?"

कॅन्सरच्या तपासणीविषयी समुपदेशनात मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. बायका विचारतात, पुरुषही विचारतात. त्यातली एक हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

चाळिशीतल्या या ताई आल्या होत्या झोप लागत नाही म्हणून. बोलता बोलता निघालं, की दवाखान्यातून त्यांना एचपीव्ही तपासणीचं किट मिळालं होतं. मऊ ब्रश, एक नळी आणि चित्रं काढलेली चिठ्ठी. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो, तो शोधण्यासाठीचा नमुना बाईला घरच्या घरी स्वतःच घेता येतो. ताईंनी ते किट कपाटात कपड्यांच्या घडीखाली सारलं होतं. टाकून देववत नव्हतं आणि उघडवतही नव्हतं.

"माझी आई यानंच गेली," त्या म्हणाल्या. "अंगावरून रक्त जायला लागलं तेव्हा नेलं. हॉस्पिटल लांब, रेडिएशनला रोज जायचं, राहायची सोय नाही. अर्ध्यातच सोडून आलो. आई गेली ती गेलीच, वर कर्ज राहिलं. मला काही निघालं तर पुन्हा तेच. त्यापेक्षा न कळलेलं बरं."

यावर "लोकांमध्ये जागृती नाही हो" असं म्हणून मोकळं होता येतं. मला ते पटत नाही. या बाईला सगळं माहीत होतं, तिनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. 2022 मध्ये या कॅन्सरनं जगभरात सुमारे 3 लाख 50 हजार बायका दगावल्या. त्यांतले 94 टक्के मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांमधले होते. सुबत्ता असलेल्या देशांतल्या बायका काही जात्याच जास्त धीट नसतात. तिथे तपासणीनंतरचं दार कुठलं, हे ठरलेलं असतं. आपण मात्र भिंतीवर "वेळीच तपासा" असं दटावणारं पत्रक लावतो आणि सापडलं तर जायचं कुठे, हे त्यावर लिहायचं विसरतो.

मी ताईंना एवढंच विचारलं, "आईंना काही त्रास नसताना कधी तपासलं होतं का?"

"छे. त्रास नसताना कोण जातं?"

खरा फरक इथे होता, आणि त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. आईचा कॅन्सर वाढल्यावर सापडला होता. किट शोधतं ते कॅन्सरच्या कितीतरी आधीचं. एचपीव्हीची लागण बहुतेक बायकांच्या शरीरातून आपोआप निघून जाते. थोड्याजणींत ती ठाण मांडते, पेशी हळूहळू बदलायला लागतात, आणि प्रतिकारशक्ती चांगली असेल तर त्या बदलांचा कॅन्सर व्हायला साधारण 15 ते 20 वर्षं लागतात. एचआयव्हीसारख्या कारणानं प्रतिकारशक्ती कमी झालेली असली तर हा काळ खूपच कमी होतो, म्हणून त्या बायकांची तपासणी लवकर सुरू करतात आणि जास्त वेळा करतात. पेशी बदलल्यात पण कॅन्सर झालेला नाही, या टप्प्यावर बदललेला भाग उष्णतेनं जाळता येतो. हातात मावणारं उपकरण असतं, बॅटरीवरही चालतं, आणि काम काही मिनिटांत होतं.

"म्हणजे रेडिएशन नाही?"

"नाही."

"भरती व्हायचं?"

"बहुतेक वेळा नाही. त्याच दिवशी घरी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण विश्वास बसलेला दिसला नाही. का बसावा? मी खुर्चीत बसून बोलत होते. म्हणून किट देणाऱ्या नर्सला तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. प्रश्न ताईंनीच विचारले. पॉझिटिव्ह आलं तर पुढची तपासणी कुठे? उपचार तिथेच होतो का? पैसे किती? आणि तिथे झेपणारं नसलं तर पुढे पाठवणार कोण, सोबत कोण येणार? पहिल्या तिन्हींची उत्तरं तयार होती. चौथ्याला नर्स म्हणाली, "विचारून सांगते." दोन दिवसांनी तिनं मोठ्या हॉस्पिटलमधल्या समाजसेविकेचा नंबर आणि मुक्कामाच्या सोयीची माहिती पाठवली. मला विचाराल तर किटसोबत मिळायला हवा तो हाच कागद.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये या कॅन्सरविरुद्ध 2030 साठी तीन आकडे ठरवले. 90 टक्के मुलींना पंधरा वर्षांच्या आत एचपीव्हीची लस, 70 टक्के बायकांची पस्तिशीपर्यंत आणि पुन्हा पंचेचाळिशीपर्यंत चांगल्या दर्जाची तपासणी, आणि दोष सापडलेल्यांपैकी 90 टक्के जणींवर उपचार. ताईंचा सगळा प्रश्न त्या तिसऱ्या आकड्याचा होता. तो कच्चा राहिला तर दुसरा आकडा नुसता कागदावर फुगतो, असं माझं मत.

फोननंतर मी एक गोष्ट मुद्दाम विचारून घेतली: पाळीच्या मधे, संबंधांनंतर किंवा पाळी थांबल्यावर रक्त जातं का, दुर्गंधीचं पाणी जातं का? यातलं काही असेल तर किटची वाट बघायची नाही, थेट डॉक्टरांकडे जायचं. त्यांना तसं काही नव्हतं.

नमुना त्यांनी दिला. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

त्या आल्या तेव्हा मला वाटलं, आईचा विषय निघेल. त्या दार लावून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "हे संबंधांतून येतं ना? मग यांनी बाहेर काही केलं असेल का?"

हा प्रश्न रिपोर्ट देणारे फारसे विचारात घेत नाहीत, आणि त्यापायी कितीतरी जणी पुढच्या तपासणीला जात नाहीत. मी सांगितलं ते असं: शारीरिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधीतरी ही लागण होतेच. ती वर्षानुवर्षं गप्प राहू शकते. कधी आली, कुणाकडून आली, हे कुठल्याही तपासणीत कळत नाही. या कागदावरून नवऱ्याबद्दल काही ठरवता येत नाही, आणि त्यांनाही तुमच्याबद्दल काही ठरवता येणार नाही. दुसरं वाक्य ऐकल्यावर त्यांचे खांदे सैल झाले. खरी धास्ती तीच होती. पुढच्या वेळी नवऱ्याला सोबत आणायचं त्यांनीच ठरवलं. तो गप्प बसून होता, मग विचारलं, "मला काही औषध घ्यायचं का?" या लागणीवर औषध नाही, पण बायकोसोबत दवाखान्यात गेलात तर फार उपयोग होईल, असं मी म्हटलं. तो गेला.

तपासणीत पेशींमध्ये बदल दिसले, कॅन्सर नव्हता. तिथेच उपचार झाले. काही दिवस पाण्यासारखा स्राव जाईल, महिनाभर संबंध टाळा, असं नर्सनं बजावलं. पुन्हा तपासणी एक वर्षानं.

आता त्यांचा प्रश्न मुलीचा आहे. ती तेरा वर्षांची. "तिला लस द्यायची, पण लोक म्हणतात दोन-तीन वेळा जावं लागतं." 9 ते 20 वर्षांच्या वयात एक डोसही चालतो, हे जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्येच मान्य केलंय, असं मी सांगितलं, तुमच्याकडचं वेळापत्रक काय आहे ते नर्सला विचारा. त्यांनी लगेच फोन काढला. नंबर पाठच होता.