वाचकांचे प्रश्न : बसवलेली वायर काढायची वेळ येते तेव्हा

पेसमेकरवर, म्हणजे हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या मशीनवर, मागे लिहिलं त्यानंतर बरीच पत्रं आली. बहुतेकांनी बसवण्याविषयी नाही, काढण्याविषयी विचारलंय. त्यातली चार इथे घेते.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझे वडील 71 वर्षांचे. नऊ वर्षांपूर्वी त्यांना पेसमेकर बसवला. दिवाळीनंतर मशीनवरची कातडी तांबडी झाली, मग बारीक भोक पडून पाणी यायला लागलं. गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी दोनदा सुकलं आणि दोनदा परत आलं. ताप नाही, जेवण व्यवस्थित आहे. आता मोठे डॉक्टर म्हणतात, मशीन आणि दोन्ही वायरी काढाव्या लागतील, त्यात जिवाला धोका आहे. नुसतं साफ करून मशीन आत ढकललं तर चालणार नाही का? – द्राक्षबागाईतदार, तासगाव

उत्तर : नाही चालणार. तुम्ही मनातून होकाराची वाट बघत असणार हे मला कळतं, पण इथे गोड बोलण्यात अर्थ नाही. कातडीला भोक पडून आतलं मशीन बाहेरच्या हवेला लागलं, की जंतू आत शिरले असंच धरायचं. मग ताप असो वा नसो, पू दिसो वा नुसतं पाणी दिसो. हे जंतू मशीनवर आणि वायरीवर बुळबुळीत थर धरून बसतात. विहिरीच्या पायरीवरचं शेवाळ वरून पाणी ओतून निघत नाही, तसंच हे. गोळीचं औषध रक्तात फिरतं, थराच्या आत पोचत नाही. म्हणून भोक सुकतं, खपली धरते, आपल्याला हायसं वाटतं आणि महिन्याभरात ते पुन्हा वाहायला लागतं. तोवर जंतू वायरीच्या वाटेने हृदयाच्या झडपेपर्यंत उतरलेले असू शकतात. तुमच्या वडिलांना दोनदा हेच झालंय. तिसऱ्यांदा गोळ्यांवर थांबू नका.

आता धोक्याचं. वायर बसवताना गळ्याच्या हाडाखालच्या शिरेतून ती हृदयात सोडतात. टोकाला बारीक स्क्रू किंवा आकडे असतात, ते हृदयाच्या आतल्या भिंतीला धरतात. पहिल्या काही आठवड्यांत काढायची वेळ आली तर स्क्रू उलटा फिरवून वायर बहुधा हलक्या हाताने निघते. पण तुमच्या बागेतच बघा. मांडवाच्या तारेला वेल टेकून वाढला, की चार-पाच वर्षांत साल तारेला गिळते. मग तार ओढली तर वेलाची साल फाटते. शरीर वायरीला असंच गिळतं. शीर जिथे गळ्याच्या हाडाखालून जाते तिथे, हृदयात उतरणाऱ्या मोठ्या शिरेच्या भिंतीला आणि खाली टोकापाशी, अशा तीन ठिकाणी चिवट तंतूंची गाठ बसते. वर्ष उलटलेली वायर म्हणूनच नुसती ओढून काढायची नसते.

ती काढण्याची रीत अशी. वायर आतून पोकळ असते. मशीनकडचं टोक कापून त्या पोकळीतून एक सळई टोकापर्यंत घालतात आणि आतच घट्ट अडकवतात, म्हणजे ओढताना वायर ताणून तुटत नाही. मग वायरीवरून एक नळी सरकवतात. नळीच्या तोंडाशी लेझर असतो किंवा फिरणारी धार. ती तंतू सोडवत इंच इंच पुढे जाते. धोका त्या मोठ्या शिरेपाशी असतो. तिची भिंत कागदासारखी पातळ. ती फाटली, तर छाती उघडून दुरुस्त करायला हातात काही मिनिटंच असतात. म्हणून हे काम ऑपरेशन थिएटरमध्ये किंवा तशी सोय असलेल्या कॅथलॅबमध्ये (शिरेतून हृदयात नळ्या-वायरी घालायच्या खोलीत) होतं. हृदयाचे सर्जन शेजारी तयार उभे असतात, छाती आधीच धुऊन निर्जंतुक केलेली असते, जुळणारं रक्त हाताशी असतं. अनुभवी ठिकाणी मोठी गुंतागुंत शंभरात एक-दोन जणांना होते. जंतू धरलेली वायर आत ठेवण्याचा धोका याहून कितीतरी मोठा आहे.

मी स्वतः पेसमेकर बसवते, पण वर्षाहून जुन्या वायरीला हात लावत नाही. हे काम नेहमी करणाऱ्या टीमकडे रुग्ण पाठवते. तुम्हीही जिथे जाल तिथे स्पष्ट विचारा : वर्षाला किती वायरी काढता? सर्जन त्या वेळी हजर असतात का? असं विचारण्यात उद्धटपणा नाही.

तोवर तीन गोष्टी सांभाळा. मलम लावू नका, स्वच्छ कोरडी पट्टी ठेवा. कुणालाही फुगवट्यात सुई घालून पाणी काढू देऊ नका, सुईबरोबर जंतू आत जातात. आणि नवी गोळी सुरू करण्याआधी वेगवेगळ्या जागांवरून रक्त घेऊन कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) होऊ द्या. कोणता जंतू ते कळलं नाही, तर पुढचं औषध अंधारात दिलं जातं. अन्ननलिकेतून करायची इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, हीही लागेल.

नवीन मशीन लगेच बसत नाही. वडिलांचं हृदय पेसमेकरशिवाय चालतच नसेल, तर गळ्याच्या शिरेतून तात्पुरती वायर घालतात आणि मशीन बाहेर कातडीवर चिकटवतात. वायर काढल्यानंतरचं कल्चर निदान 72 तास स्वच्छ राहिलं, की मग दुसऱ्या बाजूला नवा पेसमेकर. त्याआधी त्याची गरज उरली आहे का, हेही तपासून घ्या. काहींना ती उरलेली नसते.

वडील घाबरले असतील तर त्यांना हे सांगा. शरीरात पूर्ण बसवलेला जगातला पहिला पेसमेकर 1958 च्या ऑक्टोबरमध्ये स्टॉकहोमला आर्ने लार्सन यांना बसवला. तो काही तासांतच बंद पडला. पुढे त्यांची वीसहून जास्त मशीनं बदलली आणि ते 2001 सालापर्यंत, 86 वर्षं जगले.

प्रश्न : पत्नीचं डायलिसिस चालू आहे. हाताचा फिस्टुला (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेली वाट) चालू झाल्यावर गळ्याच्या शिरेतली नळी काढली. त्या वेळी सिस्टरनी तिला आडवं केलं, डोकं खाली केलं, श्वास रोखायला लावला, वर चिकट पट्टी मारली आणि अर्धा तास उठू दिलं नाही. रक्त तर थेंबभरच आलं. मग एवढा सोपस्कार कशाला? – वाचक, विटा

उत्तर : त्या सिस्टरना माझा नमस्कार सांगा.

शिकत असताना दुसऱ्या वर्षी मी एका रुग्णालयात रात्रपाळीला होते. एका आजोबांची गळ्यातली नळी काढायची होती. ते व्हीलचेअरवर बसलेले, बाहेर गाडी थांबलेली, घरचे घाई करत होते. मी बसल्या बसल्याच टाका कापला आणि नळी ओढली. रक्त आलं नाही. ‘सुस्स’ असा बारीक आवाज आला. आजोबांना खोकला आला, त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि बघता बघता ओठ निळे पडले. बसलेल्या माणसाने श्वास आत घेतला, की छातीत ओढ तयार होते आणि गळ्याच्या शिरेतल्या भोकातून रक्त बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते. ती हवा हृदयात फेसासारखी साचते आणि फुप्फुसाकडचा रस्ता अडवते. मोठ्या सिस्टर धावत आल्या. भोकावर बोट दाबलं, डाव्या कुशीवर घेऊन डोकं खाली केलं, ऑक्सिजन लावला. तासाभराने त्यांचा रंग परतला. तीन दिवसांनी ते चालत घरी गेले. चूक माझी होती, घाईही माझीच. त्यांच्या बोटांचे वळ मनगटावर दोन दिवस होते.

म्हणून आडवं करणं, नळी निघताना श्वास रोखणं, भोक दाबणं आणि हवाबंद पट्टी. बरेच दिवस राहिलेल्या नळीची वाट लगेच मिटत नाही, त्यामुळे ती पट्टी दुसऱ्या दिवसापर्यंत तरी काढू नका.

हे वाचणाऱ्या आणखी कुणाच्या घरी परमकॅथ (डायलिसिससाठी जास्त दिवस ठेवायची नळी) असेल त्यांच्यासाठी. त्या नळीवर कातडीखाली कापडी कडं असतं, त्यात मांस रुजून नळी जागेवर राहते. म्हणून ती काढताना जागा बधिर करून कडं सोडवावं लागतं. ती घरी आपोआप निसटली, तर ताबडतोब आडवं व्हा. छातीवरचं भोक आणि गळ्याच्या हाडावरची जागा, दोन्ही स्वच्छ कापडाने दाबा आणि दवाखाना गाठा. नळी परत आत सारू नका. आणि डायलिसिस चालू असताना हुडहुडी भरून ताप आला, तर ‘थंडी वाजली असेल’ म्हणून पांघरूण घालून गप्प बसू नका, तिथल्या तिथे सांगा.

प्रश्न : मला डावीकडे पेसमेकर आहे. किडनीचे डॉक्टर फिस्टुला करायचा म्हणतात. मी उजव्या हाताने लिहितो, म्हणून डाव्या हाताला करावा का? – निवृत्त शिक्षक, मिरज

उत्तर : एरवी डावाच सांगितला असता. तुमच्या बाबतीत उजवा. वायरीमुळे डावीकडची शीर आतून अरुंद झालेली असू शकते. त्याच हातात फिस्टुलाचं जोराचं रक्त सोडलं, तर पुढे अडून हात दंडापर्यंत सुजतो. उजव्या हाताच्या शिरांची सोनोग्राफी करून घ्या आणि आजपासून त्या हातातून रक्त देऊ नका, सलाईन लावू देऊ नका. फिस्टुला पिकायला दीड-दोन महिने तरी जातात, कधी जास्त. तेव्हा पुढे ढकलू नका.

प्रश्न : आई गेल्या महिन्यात घरीच गेली. तिला पेसमेकर होता. अग्नी देण्याआधी तो काढावा लागेल असं डॉक्टर म्हणाले. भाऊ नको म्हणत होता, शेवटी काढला. आम्ही तिच्या देहाची विटंबना तर केली नाही ना? – कन्या, कराड

उत्तर : नाही ताई, अजिबात नाही. मशीनमध्ये लिथियमची बॅटरी असते. ती चितेत तापून फुटते, जवळ उभ्या असलेल्यांना इजा होऊ शकते. काढणं म्हणजे दोन बोटांएवढा छेद. मशीन बाहेर घ्यायचं, वायर कापून आतच राहू द्यायची, वर टाके. दहा मिनिटांचं काम. मी एका आजींचं मशीन त्यांच्या घरी जाऊन काढलं होतं. सुनेने टॉर्चचा उजेड धरला होता. टाके झाल्यावर तिने सासूबाईंचा पदर पुन्हा नीट खांद्यावर घेतला आणि मगच सगळ्यांना आत बोलावलं. तुमच्या आईंचंही कुणीतरी असंच केलं असणार.

भावाला एवढं सांगा, की शॉक देणारं मशीन असेल तर ते आधी बंद करून मगच काढतात, नाहीतर काढणाऱ्याला झटका बसतो. म्हणून हे काम डॉक्टरांकडूनच करून घ्यायचं. काढलेलं मशीन घरात असेल तर कचऱ्यात टाकू नका. जिथे बसवलं होतं त्या दवाखान्यात पेसमेकरच्या कार्डासह नेऊन द्या.