आकडे पाठ, पण मोजता येत नाही

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. २० पर्यंत घडाघडा म्हणतो, पण ‘५ चमचे दे’ म्हटलं की मूठभर आणतो. वही काढली की पळतो. काय करू?

उत्तर : वही तूर्त कपाटात ठेवा. आकडे तो गाण्यासारखे म्हणतोय. एका वस्तूला एकच आकडा आणि शेवटचा आकडा म्हणजे एकूण, हे उमगायला वेळ लागतो. माझी लेक जिना चढताना एकाच पायरीवर दोन आकडे उरकायची! मग नियम केला : पाय टेकल्याशिवाय आकडा नाही. कपडे वाळत घालताना त्याच्याकडे ३ चिमटे मागा, लावायलाही द्या. चिमटा दाबून बोटांत जोर येतो, तो पुढे पेन्सिल धरताना कामी येतो. चौथा आणला तर ‘चुकलं’ नको. दोघं मिळून पुन्हा मोजा.