तोंडाच्या कॅन्सरच्या बायोप्सीत 'पी५३ पॉझिटिव्ह' आलंय. हे प्रथिन गाठ रोखतं म्हणतात, मग हे चांगलं लक्षण का?

नाही, पी५३ ठळक पॉझिटिव्ह येणं म्हणजे बहुतेक वेळा ते प्रथिन बिघडलेलं असणं. निरोगी पेशीत पी५३ तयार होतं आणि एमडीएम२ नावाचं दुसरं प्रथिन ते लगेच मोडीत काढतं, त्यामुळे पी५३ला तपकिरी रंग देणाऱ्या तपासणीत स्लाइडवर तुरळक केंद्रकांतच फिकट तपकिरी रंग दिसतो. पी५३ बनवणाऱ्या टीपी५३ जनुकात बदल झाला की निकामी प्रथिन मोडलं जात नाही, साचत जातं आणि जवळपास प्रत्येक कॅन्सरपेशीचं केंद्रक गडद तपकिरी दिसतं. गंमत म्हणजे रंग अजिबात न येणंही संशयास्पदच, कारण काही बदलांत प्रथिन बनतच नाही. म्हणून नुसतं 'पॉझिटिव्ह' वाचू नका, पॅटर्न काय लिहिलाय ते पाहा.

पी१६ या दुसऱ्या प्रथिनाची गोष्ट वेगळी: घशाच्या, म्हणजे टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाच्या कॅन्सरमध्ये ते पॉझिटिव्ह असेल तर सहसा एचपीव्ही हा विषाणू कारणीभूत असतो आणि उपचारांना प्रतिसाद चांगला मिळतो. गाल, हिरडी किंवा जिभेच्या पुढच्या भागाच्या कॅन्सरला हा नियम लावू नका.

फक्त पी५३वरून उपचार मात्र ठरत नाहीत. गाठ किती खोल गेली आहे, मानेतल्या लसिका ग्रंथींत (लिम्फ नोड) पसरली आहे का, ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागाच्या कडा कॅन्सरपेशींपासून स्वच्छ आहेत का, यालाच जास्त वजन असतं.